करड्या पडद्यातली खिडकी

ताई आणि तिचा धाकटा भाऊ एकाच नाट्यगृहात कामाला होते आणि गेली सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ताई पडदे रंगवायची, धाकटा दिवे सांभाळायचा. ती रंगमंचामागच्या लांबट खोलीत जमिनीवर कापड पसरून चार-चार तास ओणवी असायची. तो प्रेक्षागृहाच्या दुसऱ्या टोकाला, अठरा पायऱ्या वर, काचेमागच्या केबिनमध्ये. दोघांच्या मधे सहाशे खुर्च्या. मंडळीत तिला मिरची म्हणत आणि त्याला फ्यूज, कारण तो कधी उडेल याचा नेम नसायचा. हे अर्थात पाठीमागे; तोंडावर म्हणायला कुणाला आपला जीव नकोसा झाला नव्हता.

बोलणं बंद म्हणजे भांडण बंद, असा कुणाचा समज असेल तर त्याने या दोघांच्या चिठ्ठ्या वाचाव्यात. त्या पोचवायचं काम कपडेवाल्या मावशींकडे होतं. नटांचे पोशाख शिवणं, धुणं आणि या दोघांच्या शिव्या इकडून तिकडे नेणं, असा त्यांचा दिवस जायचा. "तिसऱ्या प्रवेशात पिवळा कमी कर. डोळे असतील तर," असं ताई लिहायची. वरून उत्तर यायचं, "पडद्यात रंग असेल तर दिसेल." मावशी आधी चिठ्ठी वाचत, मग पोचवताना तोंडी थोडी साखर घालत, पण दोघंही साखर बाजूला सारून चिठ्ठी हिसकावून घेत.

याचं मूळ त्यांच्या बाबांपाशी होतं. बाबा त्याच लांबट खोलीत पडदे रंगवायचे आणि दोन्ही मुलं तिथेच डबे ढवळत मोठी झाली. बाबा शब्दांनी कमी आणि टपल्यांनी जास्त शिकवत. तांबड्यासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. समोरासमोरचे रंग शेजारी ठेवा, दोघंही पेटतात. एका डब्यात कालवा, दोघंही मरतात आणि मागे करडा उरतो. ताईला हे एका फटक्यात कळलं. धाकटा मात्र सतराव्या वर्षी एक संध्याकाळचं आभाळ रंगवायला बसला आणि निळ्यात नारिंगी कालवत कालवत त्याने त्या आभाळाचं धुण्याचं पाणी केलं. तेव्हा बाबा सगळ्या मंडळीसमोर म्हणाले, "याच्या डोळ्यात रंगच नाही. याला दिवे पुसायला पाठवा." तो दिवे पुसायला गेला तो परत आला नाही. पुसता पुसता लावायला शिकला आणि पुढे सगळे दिवे त्याच्याच हातात आले.

बाबा गेले त्या वर्षीचं पहिलं नाटक. ताईने एकटीने रंगवलेला पहिला पडदा, त्यावर संध्याकाळचा निळा डोंगर. प्रयोगाला धाकट्याने दिव्यांसमोर पिवळ्या-नारिंगी जिलेटिनचे कागद असे चढवले की डोंगराचा चिखल झाला. रंगाचं दुर्दैव हे की त्याच्याकडे स्वतःचं काही नसतं. अंगावर पडलेल्या उजेडातलं आपल्या वाट्याचं तेवढं तो परत करतो. उजेडात निळा नसेलच, तर निळ्या डोंगराने परत द्यायचं काय? प्रयोग संपल्यावर, नटांच्या तोंडाला अजून रंग फासलेला असताना, ताई रंगमंचावर उभी राहून म्हणाली, "बाबा खोटं नव्हते बोलत. तुझ्या डोळ्यात रंग नाहीच."

त्या दिवसापासून ताई प्रेक्षागृहात असेपर्यंत धाकटा अठरा पायऱ्या उतरत नसे, आणि ताईने त्या पायऱ्यांवर पाऊल न ठेवण्याची शपथ घेतली. सुंभ जळाला तरी पीळ जायला नको, एवढी काळजी दोघांनीही घेतली.

तो डोंगर धरून सहा वर्षांत ताईचे चौदा पडदे मेले. हिरवं रान मळकं झालं, जांभळी पहाट तपकिरी झाली, समुद्र तर ओळखू येईना. नाटक बसवायला येणारे लोक केबिनकडे तोंड करून ओरडत, फार पिवळं होतंय. वरून उत्तर यायचं, इथून बरोबर दिसतंय. तो मुद्दाम करतो याबद्दल ताईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तो तिला पाण्यात पाहतो आणि एकेक पडद्याने बाबांच्या वाक्याचं उट्टं काढतो, हे तिने गृहीतच धरलं होतं. पण बाकीच्यांना भावंडांच्या हिशेबाशी काय देणंघेणं? त्यांना दिसत होतं ते एवढंच की ताईचे पडदे मळकट दिसतात.

शेवटी मॅनेजरने तिला बोलावलं. मॅनेजर मऊ बोलणारा माणूस होता आणि मऊ बोलणाऱ्यांचीच ताईला धास्ती वाटायची. त्याने सांगितलं की हल्ली छापील पडदे मिळतात, झटपट येतात. येत्या नाटकाचा पडदाही असाच मळकट दिसला, तर रंगखोली बंद करून तिथे मावशींच्या पोशाखांची कपाटं हलवावी लागतील. म्हणजे ताईचं काम जाणार होतं, आणि ती खोलीही, जिच्या फरशीवर बाबांनी सांडलेला हिरवा अजून तसाच होता. परत येताना ताईच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

तीन दिवस तिने ब्रशला हात लावला नाही. धाकटा कुठला कागद चढवेल ते आधी कळायचा मार्ग नव्हता. निळा रंगवला तर तो पिवळ्याने मारणार, तांबडा रंगवला तर हिरव्याने. रंग लावला की त्याला मारायची सोय झालीच. मग चौथ्या दिवशी सकाळी डबे धुताना तिला सुचलं की रंगच लावायचा नाही. काळोख आणि उजेड यांना कुठलाही कागद मारू शकत नाही. गडद ते गडद राहतं आणि फिकट ते फिकट, वरून आभाळ कोसळलं तरी.

नाटक एका जुन्या घराचं होतं. त्यात एक म्हातारा आजारी पडतो आणि चौथ्या प्रवेशात जातो. ताईने सगळं घर करड्यात रंगवायचं ठरवलं. आधी हात सवयीने निळ्या आणि नारिंगीच्या डब्यांकडे गेले, कारण बाबा करडा तसाच करायचे. डब्यातला काळा म्हणजे आळशाचा रंग, असं त्यांचं मत होतं. पण तशा करड्याच्या पोटात दोन्ही रंग जिवंत असतात. पिवळ्या उजेडात त्यातला नारिंगी जागा होणार आणि पडदा परत मळणार. म्हणून ताईने बाबांच्या डोक्यावर पाय देऊन डब्यातला काळा उघडला. काळा आणि पांढरा, त्यात चिकटायला सरस, बस्स. फिकटापासून गडदापर्यंत नऊ करडे केले, नऊ बादल्यांवर खडूने आकडे टाकले. घराच्या जवळच्या भिंती गडद, मागची फिकट, वर एका ओळीत सात खिडक्या. जिथे सगळ्यात फिकट सगळ्यात गडदाला खेटतं तिथेच नजर पहिली जाते, म्हणून तो सांधा तिने दाराच्या चौकटीवर आणून ठेवला. काम संपलं तेव्हा ती खूश होती, आणि ती खुशी चांगल्या जातीची नव्हती. आता मार म्हणावं, असं ती मनात म्हणत होती.

प्रयोगाला धाकट्याने नेहमीप्रमाणे जिलेटिन चढवली आणि पडदा मेला नाही. सकाळी घर मधासारखं उजळलं, दुपारी पितळेसारखं तापलं, संध्याकाळी तांबूस झालं, आणि प्रत्येक वेळी खिडक्या, दार, भिंती जागच्या जागी उभ्या राहिल्या. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ताई पाचव्या रांगेच्या कडेला उभी होती आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरने तिला पुन्हा बोलावलं. तो उठून उभा राहिला, हात जोडले.

"ताई, तुम्ही कमाल केलीत," तो म्हणाला. "हा एकच पडदा आता दहा नाटकांना पुरेल. रंग काय, तो वरून पडेलच."

त्याने आणखीही सांगितलं. लोक घरी जाताना धाकट्याच्या दिव्यांबद्दलच बोलत होते. काय पहाट, काय संध्याकाळ. तेव्हा रंगखोलीची गरज उरली नाही. सोमवारी कपाटं येतील, महिनाअखेरपर्यंत ताईने आपलं सामान आवरावं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथे तर दांडा आणि गोत दोन्ही ताईच होती. धाकट्याने तिला मारायचे सगळे रस्ते तिने बंद केले होते आणि उरलेल्या एका रस्त्याने ती स्वतःच चालत जाऊन पडली होती.

ती मॅनेजरच्या खोलीतून निघाली ती थेट अठरा पायऱ्यांकडे. शपथ गेली खड्ड्यात. चढताना तिने शिव्या निवडून ठेवल्या होत्या, सहा वर्षांच्या साठ्यातल्या सर्वात जड.

केबिनमध्ये धाकटा संध्याकाळच्या प्रयोगासाठी दिवे तपासत होता. बटणांच्या फळीवर पांढऱ्या बल्बचा छोटा दिवा, त्याखाली पांढरा कागद, त्यावर प्रवेशांचे आकडे. समोर मोठी काच आणि काचेपलीकडे, लांब खाली, तिचा पडदा टांगलेला. तो मान न वळवता म्हणाला, "इथे काय आहे तुझं?"

ताई शिव्या विसरून काचेतून बघत होती. नऊही करडे तिला आकड्यानिशी पाठ होते. पाच नंबरचा करडा, ज्यात काळा आणि पांढरा सोडून काहीही नव्हतं, तो निळा पडला होता. सगळं घरच थंडगार, निळसर, मेल्यासारखं दिसत होतं. धाकट्याचा हात आपसूक पुढे गेला आणि त्याने नारिंगी दिवा आणखी चढवला. निळसरपणा थोडा कमी झाला. मग त्याने अजून चढवला.

"काच निळी आहे," ताई म्हणाली.

त्याला तो टोमणा वाटला. तो काहीतरी तिखट बोलायच्या तयारीत होता, तेवढ्यात ती पुढे झाली आणि काचेच्या कोपऱ्यात फुगलेला एक बुडबुडा तिने नखाने फोडला. बोटभर रुंदीची पट्टी सोलून हातात आली. ऊन अडवायची निळी फिल्म. बाबा गेले त्या वर्षी ही काच तडकली होती, नवी बसवताना मॅनेजरने आपल्या खोलीच्या खिडक्यांना लावून उरलेली गुंडाळी इथे चिकटवायला सांगितली होती. दोघांनाही ते आत्ता आठवलं. उघड्या पडलेल्या फटीतून पडदा दिसत होता, तांब्याच्या भांड्यासारखा पिवळालाल.

धाकट्याने एक डोळा फटीला लावला, मग तो मिटून दुसऱ्याने फिल्ममधून बघितलं. असं त्याने तीन-चार वेळा केलं. हळूहळू त्याच्या मानेवरचा राग उतरला आणि त्या जागी काहीतरी जास्त वाईट आलं. सहा वर्षं तो तिचे पडदे मारत नव्हता. सहा वर्षं तो ते वाचवायला बघत होता. थंड दिसतात म्हणून ऊब देत होता, अजून देत होता. खाली येऊन खुर्चीतून एकदा बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण खाली ती असायची.

"एकदा वर आली असतीस तर," तो म्हणाला.

"एकदा खाली आला असतास तर," ती म्हणाली.

बाबा चुकले होते, तुझ्या डोळ्यात रंग आहे, हे वाक्य ताईच्या गळ्यापर्यंत आलं होतं. तिला ते म्हणायचं होतं, खरंच म्हणायचं होतं. पण सहा वर्षांत जीभ त्या बाजूला वळायचं विसरली होती. आणि तेवढ्यात धाकट्याने फिल्मची सुटलेली कड अंगठ्याने परत दाबून बसवली.

"काल लोक उभे राहिले होते," तो म्हणाला. "ते या काचेतून लावलेल्या उजेडाला. ही काढली तर मला पहिल्यापासून शिकावं लागेल. आणि तुझी खोली तर गेलीच आहे."

नकळत केलेलं ताईने कदाचित माफ केलं असतं. पण आता कळल्यावर, समोर उभं राहून, अंगठ्याने? ती अठरा पायऱ्या उतरली. खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं की सोललेली पट्टी अजून तिच्या बोटाला चिकटलेली आहे.

रंगखोलीत मावशी कपाटांसाठी भिंत मोजत होत्या आणि ताईला बघून ओशाळल्या. ताईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने नारिंगीचा डबा उघडला, त्यात पांढरा घातला, थोडा पिवळा, कणभर तांबडा. ओला रंग तिने एका फळीवर खिडक्यांच्या दोन नंबरच्या करड्याशेजारी फासला आणि निळी पट्टी डोळ्यापुढे धरली. नारिंगी अजून किंचित दिसत होता. तिने पांढरा वाढवला. पुन्हा पट्टी. आठव्या वेळेला पट्टीतून बघितल्यावर फळीवर दोन करडे होते, एकसारखे. पट्टी काढली की त्यातला एक दिव्यासारखा जळत होता. निळ्या काचेने नारिंगीचं नारिंगीपण गिळून टाकलं होतं, उरला होता नुसता फिकटपणा. ताईने पट्टी मावशींच्या हातात दिली. मावशींनी ती डोळ्याला लावली, काढली, परत लावली.

"म्हणजे त्याला दिसणारच नाही?" त्यांनी विचारलं.

"सहाशे लोकांना दिसेल. त्याला नाही."

बाबांचं वाक्य आता ती खरं करून दाखवणार होती. प्रयोगाला दोन तास होते. मावशींनी शिडी धरली, बडबड मात्र चालू ठेवली, की आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे बरं नाही. ताईने सातपैकी पाचवी खिडकी नारिंगी केली. भोवतीच्या करड्यात तिने जराशी निळी छटा दिली, अगदी बोट बुडवण्यापुरती, म्हणजे शेजारामुळे खिडकी आणखी पेटेल. मग ती पाचव्या रांगेपाशी जाऊन उभी राहिली आणि वाट बघू लागली.

पहिल्या प्रवेशालाच प्रेक्षागृहात कुजबुज झाली. सगळ्या करड्या घरात एकच खिडकी जागी होती, आणि लोकांनी आपापलं ठरवून टाकलं की म्हातारा तिच्याच मागे निजलाय. म्हाताऱ्याचं नाव निघालं की सहाशे डोकी तिकडे वळत. मॅनेजर मागच्या दारातून हे बघत होता. दुसऱ्या प्रवेशानंतर त्याने ही दिव्यांचीच करामत समजून घाईघाईने चिठ्ठी लिहून मावशींच्या हातात कोंबली आणि वर पिटाळलं. "खिडकी अप्रतिम. तशीच पेटती ठेव."

तिसऱ्या प्रवेशात अकरा मिनिटं दिवा बदलायचा नसतो. त्या अकरा मिनिटांतल्या चौथ्या की पाचव्या मिनिटाला ताईला मागच्या जिन्यावर पावलं ऐकू आली. अठरा मोजून झाली. धाकटा अंधारातून येऊन तिच्यापासून दोन हातांवर उभा राहिला, हातात मॅनेजरची चिठ्ठी. सहा वर्षांत पहिल्यांदा तो आपला रंगमंच खालून बघत होता. त्याने तांबूस भिंती बघितल्या, त्याच्या हातून झालेल्या. मग त्याने पाचवी खिडकी बघितली. ताई त्याच्याकडे बघत होती आणि तिला जे बघायचं होतं ते दिसलं. त्याचं तोंड थोबाडीत बसल्यासारखं झालं. एवढा वेळ ती हेच चाखायला थांबली होती, आणि तोंडात घेतल्यावर ते तिला कडू लागलं.

तो वळला आणि पायऱ्या चढून गेला, या वेळी दोन-दोन.

चौथा प्रवेश. म्हातारा जायची वेळ. इथे नेहमी संध्याकाळचा तांबूस उजेड असतो. म्हाताऱ्याची सून पेला घेऊन आली, थांबली, आणि त्याच क्षणी धाकट्याने सगळे नारिंगी दिवे ओढून काढले आणि निळा सोडला, गच्च, एकटा निळा. करडं घर चांदण्यात उभं राहिलं. आणि पाचवी खिडकी काळी झाली. निळ्या उजेडात नारिंगीच्या वाट्याचं काही नसतंच. ती नुसती विझली नाही, तिथे भोक पडलं. सुनेच्या हातून पेला पडला, हे नाटकात नव्हतं. प्रेक्षागृहात कुणी खोकललं नाही.

ताईने स्वतःचा दंड घट्ट धरला होता. तिला राग आला होता, तोच जुना, ओळखीचा. आणि त्या रागाच्या आत तिला इतकं बरं वाटत होतं की तिचे डोळे भरून आले. चौदा पडदे त्याने न बघता मारले होते. हा पंधरावा त्याने बघून मारला.

टाळ्या थांबायला वेळ लागला. मॅनेजरने भावाबहिणींनी हे कधी ठरवलं म्हणून दोघांचं कौतुक केलं, आणि असल्या खिडकीला माणूस लागतोच हे त्याच्याही ध्यानात आलं. कपाटं सोमवारी आली आणि मंगळवारी परत गेली. मावशी त्याबद्दल दोन दिवस कुरकुरत होत्या.

बुधवारी सकाळी त्या रंगखोलीत आल्या आणि एक पुडकं ताईसमोर ठेवून उभ्या राहिल्या. केबिनच्या काचेवरची निळी फिल्म होती, सगळी, चोळामोळा करून बांधलेली, आणि आत चिठ्ठी. या वेळी मावशींनी साखर घातली नाही, सरळ वाचूनच दाखवली. "पहिल्या तीन प्रवेशांचे दिवे नव्याने लावतोय. खिडकीत पिवळा वाढव, म्हणजे निळ्यात आणखी काळी मरेल. डोळे असतील तर."

ताईने चिठ्ठी मागून घेतली, स्वतः एकदा वाचली, एक सणसणीत शिवी हासडली आणि पिवळ्याचा डबा उघडला.